गौरवीची पक्की बातमी

१

गुरुवारी सकाळी पोई, आमचा गोव्याचा पाव, कालची की आजची, यावरून मी पोईवाल्याशी भांडत होते. तेवढ्यात रुद्रेशची स्कुटर फाटकाशी थांबली. अंगावर मोपाच्या विमानतळाचा निळा शर्ट, डोळे तांबारलेले. रात्रभर झोपला नसावा.

"चंद्राबाय, गौरवीक काडून उडयतले," तो म्हणाला. "कायमची."

तुम्ही टीव्ही पाहत असाल तर गौरवीला ओळखताच. नसाल पाहत तर ऐका. इब्रामपूरची चोवीस वर्षांची पोर. पेडण्याच्या एका शाळेत संगीत शिकवते. ‘गोड गळा’ या अभंगांच्या स्पर्धेत ती शेवटच्या चौघांत पोचली होती. चौघांतले तिघे अंतिम फेरीत जाणार आणि एक घरी. तो भाग मुंबईत रविवारीच चित्रित झाला, पण दाखवणार शनिवारी संध्याकाळी सातला. मधले सहा दिवस तोंडाला कुलूप. गौरवीने आणि तिच्यासोबत पेटी वाजवायला गेलेल्या प्रज्योतने तशी सहीच करून दिली होती. निकाल आईला सांगायचा नाही, शेजारणीला नाही, कोणालाच नाही.

आणि मंगळवारी तो फुटला. रुद्रेशने चालवलेल्या ‘आमची गौरवी’ या फेसबुकच्या पानावरूनच फुटला.

वाहिनीचं पत्र त्याने मला मोबाईलवर वाचून दाखवलं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर गौरवीचं नाव पुढच्या सगळ्या टप्प्यांतून वगळू. पुढचे टप्पे म्हणजे अंतिम फेरी, आणि तिच्याआधीची ‘प्रेक्षकांची हाक’. त्या हाकेत बाहेर गेलेल्यांचे फोटो वाहिनीच्या पानावर लागतात. ज्याला परत आणायचं त्याच्या फोटोखाली लोक नाव लिहितात, आणि सर्वांत जास्त नावं ज्याची, तो परत येतो. म्हणजे पोर जिंकलेली असो की हरलेली, दोन्ही दारं बंद होणार होती.

"मग माझ्याकडे का आलास रे?" मी विचारलं.

तो चप्पल बघत म्हणाला, "तुमच्या कट्ट्यावरून पसरलं, बाय."

माझा चेहरा उतरला. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली बाई. तेहतीस वर्षं लोकांना जोडून दिलं, आता डिचोलीत एकटी राहते आणि ‘मालिका कट्टा’ नावाचा ग्रुप चालवते. चार हजार जणी आहोत. टीव्हीवर सासूने तोंड उघडलं की जाहिरात लागेपर्यंत आमच्या साठ शिव्या लिहून तयार. घरात मला उलट उत्तर द्यायला कोणी नाही, पण चार हजार जणींच्या संगतीत टीव्हीशी भांडता तरी येतं. मंगळवारी गौरवीची बातमी दिसली तेव्हा मी त्या मजकुराचा फोटो काढला, वर तीन बदाम आणि एक लाडू टाकला आणि कट्ट्यावर सोडला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

बातमी फोडली कोणी, ते मला ठाऊक नव्हतं. पण घरोघर नेली होती मीच.

२

रुद्रेशला वेताच्या कदेलावर बसवलं, चहा दिला आणि चष्मा लावून तो फोटो पहिल्यांदा नीट वाचला. लाडू टाकण्याच्या घाईत आधी वाचलाच कुठे होता!

फोंड्याच्या प्रिया नावाच्या बाईने मंगळवारी सकाळी विचारलं होतं, "गौरवी गेली का हो फायनलला? आणखी कोण गेले? कुठला अभंग म्हटला तिने?"

पावणेअकराला पानावरून उत्तर आलं होतं, "हो. गौरवी फायनलला आहे. पक्की बातमी. शंका नको."

प्रियाने पुन्हा विचारलं, "आणि बाकीचे दोघे कोण?"

"ते विचारलं नाही. तू नावं लिही. उद्या सकाळी एकेकाचं विचारून सांगू."

एवढंच. संध्याकाळी ते सगळं पुसलेलं होतं, पण तोवर माझ्यासारख्या शहाण्यांनी आपलं काम केलं होतं.

"पानावर लिहू शकतात किती जण?" मी विचारलं.

"चौघं. मी, प्रज्योत, हर्षा आणि गौरवी. पण बाय..." तो अडखळला. "लोक माझ्यावरच येतात. म्हणतात, हा विमानतळावर सकाळच्या पाळीला असतो, मुंबईच्या पहिल्या विमानाने वाहिनीचं कोण उतरलं असेल, त्याला विचारलं असेल. ‘उद्या सकाळी विचारून सांगू’ लिहिलंय ना!"

"आणि विचारलंस?"

"मी सामान चढवतो उतरवतो. बॅगेला विचारू?"

मला हसू आलं, पण त्याला नाही आलं. हे पान त्याने पदरच्या वेळेतून वाढवलेलं, सतरा हजार माणसांचं. आता तेच पान पोरीच्या गळ्याशी आलं होतं.

मी फोटो पुन्हा वाचला. एक्स्चेंजमध्ये एक गोष्ट मी शिकले. माणूस काय सांगतो यापेक्षा त्याला काय सांगता येत नाही, ते ऐकायचं. प्रियाने तीन प्रश्न विचारले होते. उत्तर आलं एकाचंच. जो स्टुडिओत होता त्याला अभंग ठाऊक असणार, बाकीचे दोघेही ठाऊक असणार. जो स्टुडिओतल्या माणसाशी बोलला तो एवढी मोठी बातमी कळल्यावर ‘आणि दुसरे कोण?’ असं विचारल्याशिवाय फोन ठेवेल? माझ्या उभ्या जन्मात असा माणूस मी पाहिला नाही.

मग ही बातमी दिली कोणी? असा कोण आहे, जो आपणहून काहीच सांगत नाही, ज्याच्यापुढे एकेक नाव घेऊनच विचारावं लागतं, आणि तेही सकाळीच?

३

रुद्रेशने मला स्कुटरवर घातलं आणि आम्ही पेडण्याला गेलो. बाजारात प्रज्योतचं मिक्सर-पंखे दुरुस्त करायचं दुकान आहे. गौरवीचा मावसभाऊ हा. पेटीवर बोटं फिरली की माणूस डोलतो, आणि तोंड उघडलं की सगळं बाहेर येतं, अशी त्याची ख्याती. आज मात्र गप्प होता.

"मावशे, माका काय विचारू नका. सही केल्या."

"निकाल नाही रे विचारत. पानावर तू लिहिलंस?"

"ना." पेचकस त्याने तीनदा त्याच खाचेत घातला आणि तीनदा काढला. "माझा हात मोडो, लिहिलं असेल तर. मी मंगळवारपासून ते पान उघडलंच ना. लोक अभिनंदन लिहितात, ते वाचवत ना."

अभिनंदन वाचवत नाही? बाजूच्या दुकानदाराने गल्ल्यावरून हाक मारली, "पेटीवाल्या, पार्टी कधी?" प्रज्योतने मान वर केली नाही.

तिथून परत डिचोलीला, हर्षाच्या शिवणकामाच्या दुकानात. हर्षा गौरवीची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच दिवशी चाचणीला गेल्या होत्या, एक निवडली गेली, एक राहिली. तरी पानावरचे गौरवीचे व्हिडिओ हर्षाच जोडते. लोक म्हणत होते, आत जळते ती, तिनेच मुद्दाम लिहिलं.

"लिहू दे लोकांना," हर्षा मशीन थांबवून म्हणाली. "मला वाईट वाटलंय, ते मी तिच्या तोंडावर सांगितलंय. चोरून कशाला करू?"

"वाईट कशाचं वाटलं?"

"चाचणीचं जाऊ दे, ते जुनं झालं. पण आमच्या आळीच्या भजनी मंडळात पुढच्या शुक्रवारी मला गायला मिळणार होतं, पहिल्यांदा. काल बायका म्हणाल्या, गौरवीने हो म्हटलंय, तू पुढच्या वर्षी गा. टीव्हीवर गाते, आणखी आमच्या आळीचं एक गाणंही तिलाच हवं?" तिचे डोळे भरले आणि तिने ते कापडाच्या चिंधीने पुसले. "मागितलं असतं तर मीच दिलं असतं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोर खरी होती. पण तिच्या तक्रारीतलं काहीतरी माझ्या डोक्यात रुतून बसलं.

"रुद्रेश, अंतिम फेरीचं चित्रीकरण कधी रे?"

"पुढच्या शुक्रवारी, मुंबईत. मी रजाही टाकलीय." तो मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता. एकदम त्याचा रंग उडाला. "बाय, पानाच्या आत शिरलं की कोणत्या खात्यावरून लिहिलं ते दिसतं. पुसलेलं होतं म्हणून मी शोधलंच नव्हतं. आत्ता मिळालं."

"कोणाचं खातं?"

त्याने पडदा माझ्यापुढे धरला. लिहिणारं खातं आणि पुसणारं खातं एकच होतं, आणि वर नाव होतं खुद्द गौरवीचं.

४

इब्रामपूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. दोघींचंच घर. गौरवीचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई, सुशीला, काजूच्या बागेवर आणि दोन गायींवर घर चालवते. आम्हाला पाहताच तिने हात पुसत जनेलाच्या गजांतूनच हाक दिली, "येयात, येयात! फायनलवाल्यांचा घर हा!"

जनेलाच्या फळीवर एक जुना मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला होता आणि त्यात गौरवीचंच गाणं चालू होतं. गौरवीला वाहिनीकडून नवा फोन मिळाला, तेव्हा हा आईकडे आला. सुशीला भाजी चिरता चिरता बघते, लोक काय लिहितात ते वाचते आणि सगळ्यांना हात जोडते.

"रोज नवे नवे लोक लिहितंत गो बाय," ती मला म्हणाली. "सोलापूरची एक तर माझ्या पोरीक दृष्ट काढ म्हणून सांगता. ना ओळख, ना देख! मी सकाळी देवळातसून येतंय आणि आधी त्यांका नमस्कार घालतंय."

गौरवी बाहेर आली. टीव्हीवर पाहिलेला चेहरा अर्धा झाला होता. आईने तिच्या केसांत देवळातलं फूल खोचलं होतं. ते तिने आमच्या देखत काढून मुठीत धरलं.

मी तिला घेऊन गोठ्यामागे गेले. काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "मीच लिहिलं, चंद्रामावशी. उद्या बाराच्या आत तसं पत्र पाठवते. रुद्रेशला, हर्षाला कोणी काही बोलू नका."

"का लिहिलंस?"

"राहवलं नाही. आनंद झाला म्हणून."

आवाज मला फसवत नाही. तेहतीस वर्षं अपघाताचे, मरणाचे, लग्न मोडल्याचे फोन जोडले मी. आनंदाने बोलणाऱ्याचा श्वास वर असतो. हिचा श्वास पार पोटात गेला होता.

"खोटं बोलतेस," मी म्हटलं. "तू लिहिलं नाहीस, कारण त्यात लिहिलंय तसं काही झालंच नाही. पोरी, तू फायनलला नाहीस."

५

ती माझ्याकडे बघतच राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सही केलेली ना! पण डोळ्यांवर कोणाची सही चालत नाही. ते वाहू लागले.

"तू काही सांगू नकोस," मी म्हटलं. "मीच सांगते, तू नुसती ऐक. पुढच्या शुक्रवारी अंतिम फेरीचं चित्रीकरण मुंबईत. त्याच शुक्रवारी तू हर्षाच्या आळीत भजन म्हणायला हो म्हणालीस. गोव्यातली भोळी माणसं प्रेमाने बोलावतात आणि तुला नाही म्हणवत नाही. पण फायनलला जाणारं माणूस त्या दिवसाचं हो म्हणेल कशी? आणि तुझा तो प्रज्योत! अभिनंदन वाचवत नाही म्हणतो. निकाल ठाऊक असलेली माणसं गोव्यात दोनच, आणि दोघांचेही चेहरे सुतकी."

ती गोठ्याच्या खांबाला टेकून खाली बसली. मीही बसले, गुडघे कुरकुरले तरी.

"म्हणजे ज्याने ‘पक्की बातमी’ लिहिली त्याला निकाल ठाऊक नव्हता. तू नाहीस, प्रज्योत नाही. पण लिहिणारा खोटारडाही नाही. खोटारडा म्हणाला असता, हे हे बाकीचे दोघे. हा माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, ते विचारलं नाही, विचारून सांगतो. त्याला कोणीतरी ‘हो’ म्हटलंय आणि त्याचा त्यावर पुरा विश्वास आहे. आता मला सांग, आपल्याकडे असं कोण आहे, जे आपणहून काही सांगत नाही, एकेक प्रश्न करून विचारावं लागतं, आणि उत्तर फक्त हो नाहीतर नाही?"

गौरवीने मुठीतलं फूल उघडून पाहिलं.

"कौल," मी म्हटलं. "देवीला पाकळ्या लावतात. नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सकाळच्या पूजेनंतर. आणि जुना फोन तुझ्याच खात्याने उघडा राहिला, आईला देताना बंद करायला कोणाच्या लक्षात आलं नाही. तिला तर पत्ताही नाही की आपण तुझ्या नावाने लिहितो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"तिला कळू देऊ नका," गौरवी हुंदका आवरत म्हणाली. "पत्रात लिहिलंय, घरच्यांना निकाल सांगितला तरी नाव कापणार. आईने लिहिलं म्हटलं की ते म्हणतील, मीच तिला सांगितलं. त्यापेक्षा माझंच नाव जाऊ दे. आई आयुष्यभर म्हणत राहील, माझ्या हाताने पोरीचं गेलं. मामांच्या, काकांच्या बोलण्यात इतकी वर्षं काढली तिने, मावशी. आणखी एक बोल नको तिला."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हरल्याचं दुःख पोटात, वर गावभर अभिनंदनं, आणि चूक झाकायची ती आईची. माझा लाडू आठवला आणि मला माझीच लाज वाटली.

"सोमवारी आल्यावर तिने विचारलं नाही काही?"

"विचारलं. मी म्हटलं, सही केलीय. सही नसती तरी मला सांगता आलं नसतं."

मी उठले. बारा वाजायला अजून एक रात्र आणि एक सकाळ होती. पण आता मला सुशीलाला विचारायचं होतं, आणि निकाल तिला कळू द्यायचा नव्हता.

६

सुशीला चुलीपाशी होती. मी पाट ओढून बसले.

"सुशीला, मंगळवारी फोंड्याच्या बाईला तूच उत्तर दिलंस ना?"

"हो तर!" ती सरळ म्हणाली. लपवायचं असं तिच्या डोक्यातच नव्हतं. "ती रोज विचारता, बिचारी. माझ्या पोरीसाठी तिचो जीव टांगणीक लागलो. माका तरी खंय म्हायत? गौरवी तोंड उघडीना. सोमवारपासून जेवणा ना, झोपणा ना. पोरीक विचारलंय तर सही म्हणता. मगे आवशीन कोणाक विचारूचा? देवीक विचारलंय. देवीन उजवो प्रसाद दिलो. भटजी म्हणालो, पाकळी पडली ती टप्प करून पडली. मगे त्या बाईक सांगूक नको?"

"दुसऱ्यांची नावं?"

"ती विचारूची म्हणून काल नावां बघूक गेलंय. तर लिहिलेला दिसाच ना. गौरवी म्हणाली, फोन बिघडलो." तिचा हात थांबला. माझ्याकडे, मग दारात उभ्या रुद्रेशकडे तिने पाहिलं. "काय झाला गो? माझी काय चूक झाली?"

मी तिला पत्राचं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. ऐकता ऐकता तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"माझ्या हातान," ती म्हणाली. "माझ्याच हातान गो!"

"अजून काही गेलं नाही. रड नंतर, आधी मला मदत कर."

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझं मनगट धरलं. "करतंय. पण चंद्राबाय, तू शाणी बाईल. एकच सांग. देवीन सांगितला ता खरा ना?"

तेहतीस वर्षांत मी कितीतरी फोन मधेच तोडले असतील. असा एकही नव्हता.

"शनिवारी सातला दोघी मिळून बघू," मी म्हटलं आणि मनगट सोडवून बाहेर आले.

७

शुक्रवारी सकाळी दहाला, इब्रामपूरला गोठ्यामागे उभं राहून, वाहिनीच्या अमृताबाईंना फोन लावला. प्रेक्षकांचं सगळं लिहिणं त्या सांभाळतात. आवाज तरुण, थकलेला आणि बेळगावकडचा. मी आधी माझा गुन्हा कबूल केला, तीन बदाम आणि लाडवासकट. मग सगळी हकीकत सांगितली.

"काकू," त्या म्हणाल्या, "देवीने निकाल सांगितला असं मी वरिष्ठांना कसं लिहू? ते म्हणतील, मुलीने आईला सांगितलं आणि आता देवाच्या नावावर ढकलतायत."

"बरोबर. म्हणून मी एकच विचारते, तुम्ही उत्तर देऊ नका. निकाल तुमच्यासमोर आहे. आईने लिहिलेलं त्याच्याशी ताडून बघा. मुलीने सांगितलं असतं तर आईने असं लिहिलं असतं का?"

पलीकडे शांतता पसरली. शांततेचेही प्रकार असतात. कोणी रागावून गप्प बसतो, कोणी फोन ठेवून निघून जातो. ही शांतता मोजणी करणाऱ्या माणसाची होती.

"अगं बाई," अमृताबाई हळूच म्हणाल्या. त्यात सगळं आलं. मग म्हणाल्या, "त्या माउलीला अजून माहीत नाही?"

"नाही."

"माझ्या आजोळीही कौल लावतात, काकू. माझ्या नोकरीचा लावला होता." त्यांनी नाक ओढलं. "चुकीचं असलं तरी स्पर्धकाने स्वतः लिहिलं असतं तर मी काही करू शकले नसते. पण हे तसं नाही. त्यांच्याकडून त्याच पानावर खुलासा टाका, त्यांच्या शब्दांत. बाकी मी बघते."

सुशीलाने सांगितलं आणि रुद्रेशने लिहून घेतलं. बोली तेवढी सगळ्यांना कळेल अशी केली, म्हणणं बदललं नाही. "मी गौरवीची आई. मंगळवारी मी लिहिलं होतं. मला कोणी काही सांगितलं नाही. पोर बोलत नव्हती म्हणून देवीला विचारलं. देवीचं उत्तर ते माझ्यासाठी होतं, ते मी तुम्हाला सांगितलं ही माझी चूक. पोरीची काही चूक नाही. तिच्यावर रागवू नका."

बाराला पाच मिनिटं कमी असताना वाहिनीचं उत्तर आलं. खुलासा मान्य, नाव कायम. रुद्रेश अंगणात लहान मुलासारखा नाचला. पानावर लोकांची रीघ लागली. फोंड्याच्या प्रियाने लिहिलं, "मावशी, चूक माझी. मीच रोज टोचत होते." कोणी लिहिलं, मी लेकाच्या बारावीचा लावला होता. कोणी लिहिलं, माझी आई अशीच होती. माझ्या कट्ट्यावरही मी माफी मागितली, आणि चार हजार जणींनी मला यथेच्छ झापलं. झापायलाच हवं होतं.

८

शनिवारी मी इब्रामपूरलाच होते. ओटीवर शेजारपाजारचा अर्धा वाडा जमलेला, बायका, पोरं, भटजीसुद्धा. हर्षा आली होती आणि गौरवीचा हात धरून बसली होती. सुशीला टीव्हीच्या अगदी पुढ्यात.

पहिलं नाव घेतलं, गौरवीचं नाही. दुसरं, तेही नाही. तिसऱ्या नावाला पडद्यावरच्या गौरवीने डोळे मिटले, आणि ओटीवरच्या गौरवीनेही.

भटजींनी घसा खाकरला. "देवीने फायनल म्हटलं होतं खरं. पण कोणत्या वाटेने, ते आम्ही विचारलं नव्हतं." एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी सोडून दिलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. त्याच संध्याकाळी ‘प्रेक्षकांची हाक’ उघडली. फोंडा, सोलापूर, बेळगाव, कुठकुठल्या आयांनी गौरवीच्या फोटोखाली तिचं नाव लिहिलं, आणि मंगळवारी ती परत घेतली गेली. हर्षाला तिचा शुक्रवार मिळाला. पण पानावर न आलेली एक गोष्ट मला सांगायची आहे. ती त्या शनिवारी झाली, हाक उघडायच्या आधी.

माणसं हळूहळू उठून गेली. सुशीला जागची हलली नव्हती. गौरवी तिच्यासमोर जाऊन बसली.

"आई, मी तुला सांगायला हवं होतं."

"सहा दिस," सुशीला म्हणाली. "सहा दिस तू ह्या एकट्यान गिळलंस. आणि मी गावभर पेढे वाटीत होतंय." तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती ढसाढसा रडली. गौरवीही रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली!

रुद्रेश मोबाईल घेऊन पुढे आला. "मावशे, हाक आता उघडतली. आपल्या पानावर लिहू? सगळ्यांक सांगू गौरवीक परत आणा म्हणून?"

भटजी दारातून वळले. "सुशीला, उद्या सकाळी ये. ह्याचोय प्रसाद लावूया."

"नको," सुशीला म्हणाली. "दोघांय थांबात."

आणि ती लेकीकडे वळली. सतरा हजार माणसं, चार हजार बायका, वाहिनी, गाव, देवी. सगळ्यांनी सगळ्यांना विचारून झालं होतं. जे कोणी विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं.

"गौरवी, तुका जावचा आसा?"

गौरवीने आईचा पदर हातात घेतला.

"आसा," गौरवी म्हणाली. "पण ह्या वेळी तू माझ्यावांगडा ये. माका तिथे कोणाकडे तरी रडूक जाय."

सुशीलाने डोळे पुसले आणि रुद्रेशला म्हणाली, "लिही."